भाजावळ करताय? अकराच्या आत राख थंड झालेली पाहिजे

शिमगा तोंडावर आलाय, बेणणी (बागेतलं गवत-झुडपं साफ करणं) उरकलीय, आणि आता ज्याच्या त्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून पातेऱ्याचा (वाळल्या पाल्याचा) न् काट्याकुट्यांचा डोंगर उभा आहे. म्हणजे आता काड्या ओढायचा सीझन. पाला-काट्या जाळून भाताच्या रोपांची जागा भाजायची, त्याला कोण भाजावळ म्हणतं, कोण राब, रायगडकडे दाढ भाजणं म्हणतात, पण कोकणात दरवर्षी फेब्रुवारी ते मे मध्ये आंब्या-काजूच्या बागा जळतात त्यातल्या बऱ्याच आगी कुणीतरी मुद्दाम लावलेल्या नसतात, आपल्यातल्याच कुणाच्या तरी ढिगातून निघालेल्या असतात. विजेच्या तारा घासून ठिणगी पडते, कोण बिडी टाकतं, तेही आहेच, पण ते आपल्या हातात नाही. ढीग आहे.

मी स्वतः गाढवपणा केलाय म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी काजूचा पाला आणि जुन्या वईच्या (कुंपणाच्या) काट्या साडेनऊला पेटवल्या. पान हलत नव्हतं. अकरापर्यंत नुसती राख दिसत होती, म्हटलं झालं, पेज पिऊन येऊ. काजूचं पान जळताना कधी नीट बघा, ते गुंडाळतं, मधला भाग काळा होतो आणि कडेला लाल रेघ धुमसत राहते, आणि वजन तर काहीच नसतं. असं एखादं पान वाऱ्यावर उचललं, गडग्यापलीकडे शेजारच्या काकांच्या गवतात पडलं, आणि मी मांगरातून (बागेतल्या खोपटातून) बाहेर येईपर्यंत त्यांची सात कलमं आणि ठिबकची अख्खी ओळ गेली. काका शिव्या देतील वाटलं होतं. ते वितळलेल्या पाईपचा गोळा हातात घेऊन नुसते उभे होते. पाईपचे पैसे मी दिले, कलमांची चार वर्षं कुठून देणार.

"वारा नव्हता" हे मीच तेव्हा सगळ्यांना सांगत होतो, आणि खरी फसगत तिथेच आहे. किनाऱ्याजवळच्या गावात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हळू आणि गार. नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो. मग मध्ये थोडा वेळ सगळं शांत, आणि त्यानंतर समुद्राकडून खारा वारा चालू होतो तो दुपारी चांगलाच जोर धरतो. म्हणजे आपल्याला जी शांतता वाटते ती वारा फिरायच्या आधीची असते. त्यात आपल्या बऱ्याच बागा पश्चिमेच्या उतारावर, वर सडा (कातळाचं पठार), सड्यावर कमरेएवढं वाळलेलं गवत. आग चढावर तशीही जोरात पळते, उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, आणि मागून खारा वारा ढकलायला असला तर माणूस धावून पुढे जाऊच शकत नाही.

मग साडेनऊपर्यंत थांबतात कशाला? तर सकाळी दवाने पातेरा ओला असतो, पेटत नाही. म्हणून ऊन चढायची वाट बघायची, नाहीतर पेट्रोल ओतायचं. पेट्रोल तर अजिबात नको, त्याची वाफ आधी पेटते आणि भडका थेट तोंडावर येतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी ढिगावर ताडपत्री टाका. सकाळी उजाडल्या उजाडल्या ती काढली की आतला पाला कोरडा आणि आजूबाजूचं गवत दवाने ओलं, आपल्याला हवं तसं. मोठा ढीग एकदम पेटवू नका, छोटा पेटवा आणि बाजूने थोडं थोडं दाताळ्याने ओढत रहा. नऊ वाजता नवीन टाकणं बंद, मग विझवायला घ्या. संध्याकाळी लावून घरी जाऊन झोपणारे आहेत आमच्याकडे, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

ढिगाभोवती सगळीकडून दहा फूट तरी जमीन उघडी पाहिजे, गवत नुसतं कापलेलं नाही, ओढून माती दिसेपर्यंत. चढाच्या बाजूला अजून जास्त. वर विजेची तार नको, झाडाची फांदी नको, जवळ गवताची उडवी तर नकोच. फवारणीचा पंप नुसत्या पाण्याने भरून ठेवा (आधी औषधाचा असेल तर नीट धुवून), दोन ओली गोणपाटं, फावडं, आणि दुसरा माणूस. अंगात सुती कपडे, नायलॉन नको. आणि काजूची टरफलं या ढिगात टाकू नका, त्यात तेल असतं, भडकतात आणि धूर डोळ्याला घशाला झोंबतो.

विझवणं म्हणजे वरून बादली ओतणं नव्हे. वर पांढरी राख आणि खाली लाल, विशेषतः शेणी किंवा जाड बुंधे टाकले असतील तर. पाणी मारा, फावड्याने उलथा, परत मारा, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. गरम लागलं की परत. जुना खुंट असेल तर त्याची मुळं आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसतात, म्हणून खुंटाच्या जवळ ढीग लावूच नये. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चक्कर मारा.

खरं विचाराल तर पातेरा जाळायचाच कशाला. कलमाच्या आळ्यात पसरा, बुंध्यापासून फूटभर सोडून, ओल टिकते. फक्त हद्दीवरच्या ओळीत वाळला पाला पसरू नका, बाहेरून वणवा आला तर तीच वात होते. तिथे जाळपट्टाच, म्हणजे गवत नसलेली मोकळी पट्टी, पाहिजे, दहा-पंधरा फुटांचा, आणि तो दिवाळीनंतर मारायचा असतो, ज्यांचा राहिलाय त्यांनी ग्रासकटर फिरवून गवत उचलून टाका, जाळून पट्टा करायची ही वेळ नाही. राबाचं म्हणाल तर तण मरतं, राख मिळते हे खरं, पण मीटरभर रुंद गादीवाफे करून शेणखत घालून तरवा (भाताची रोपं) चांगला येतो, तण काढायला दोन दिवस जास्त लागतात एवढंच.

तरी आग सुटलीच तर आधी फोन, १०१ किंवा ११२, आणि जंगलाच्या बाजूला असेल तर वनखात्याचा १९२६. लाज वाटून लपवू नका. समोरून किंवा वरच्या बाजूने आडवे जाऊ नका, मागून आणि कडेकडेने ओल्या टाळ्यांनी (पानांच्या फांद्यांनी) मारत या, अंगावर आली तर जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात शिरा, तिथे परत जळायला काही नसतं.

जळलेली कलमं लगेच तोडू नका. आधी फोटो, तलाठ्याकडून पंचनामा. फळपीक विमा हवामानावरचा आहे, पाऊस-तापमान-वाऱ्याचा, वणव्याला त्यातून मिळेल या भरवशावर राहू नका. मग नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं-ओलं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी शक्य असेल तर द्या, फुटलेल्या सालीवर बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं नको. आणि पाऊस पडून फूट येते का ते बघेपर्यंत कोयती बाजूला ठेवा. काकांच्या सातातल्या दोघांना जुलैत बुंध्यातून फूट आली, पण ती कलमाच्या जोडाखालची, म्हणजे रायवळ (बिनकलमी गावठी आंबा). त्यावर परत कलम बांधलंय.