शूटिंगचे पडद्यामागचे फोटो काढताय? या चुका टाळा

आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात शूटिंग लागलं, की आपली पोरं कॅमेरा घेऊन पोहोचतात आणि हिरोइनच्याच फोटोंनी कार्ड भरून परततात. सगळ्यात मोठी चूक हीच. ती ज्या शॉटमध्ये हसते, तो लावण्यात अर्धी सकाळ गेलेली असते. लाइट दादा अरुंद जिन्यावरून दिवे वर चढवतात, कोणी कॅमेऱ्याच्या ट्रॉलीच्या रुळाखाली लाकडाच्या पाचरी सारून पातळी बघतो, कोणी खिडकीला काळं कापड मारतो. खरा फोटो तिथे आहे. म्हणून कॉल टाइमच्या, म्हणजे सगळ्यांना हजर व्हायला सांगितलेल्या वेळेच्या, आधी जा आणि पॅकअपनंतर केबल गुंडाळून होईपर्यंत थांबा.

संवाद जागेवरच रेकॉर्ड होत असतील, तर टेक चालू असताना शटरचा खट्ट आवाज म्हणजे टेक फुकट. त्यासाठी सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) लावावं, तर नवं दुखणं: फोटोत आडवे पट्टे. आपली वीज 50 हर्ट्झची. त्यावरचे साधे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि सायलेंट शटर चित्र ओळीओळीने टिपतं. शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, पट्टे बहुतेक जातात. तरी राहिलेच, तर रिहर्सलमध्ये खट्ट आवाजाच्या नेहमीच्या मेकॅनिकल शटरवर काम उरका. 1/50 ला ट्रॉली ढकलणाऱ्याचे हात हललेले येतील. येऊ देत, मला तर ते आवडतात.

फ्लॅश, बीप आणि फोकससाठी पुढे पेटणारा दिवा घरूनच बंद करून निघा. नटाच्या नजरेसमोर उभे राहू नका.

‘टीमसोबत धमाल’ अशी कॅप्शन तर नकोच. आपल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 च्या सुमारास सिनेमा कसा बनतो हे दाखवणारी छोटी फिल्मच काढली होती. शंभर वर्षांनंतरही आपण त्याच कामाला ‘टीम’ म्हणून मोकळे होतो! खिशात वही ठेवा. नाव आणि काम त्या माणसालाच विचारून लिहा.

प्रॉडक्शनची परवानगी म्हणजे सेटवर चहापाण्याची धावपळ करणाऱ्या स्पॉट दादाची परवानगी नव्हे. जेवणानंतर ताडपत्रीवर आडवा झालेल्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. सेटचे फोटो बाहेर द्यायला प्रॉडक्शनचा होकार आला, की ज्याचा फोटो त्याला आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, इन्स्टाग्राम नंतर.