बारवांचा नकाशा वेबवर आणताना

भूगोलात एम.ए. करताना प्रकल्पासाठी मी सातारा तालुक्यातल्या जुन्या बारवा आणि पायविहिरींचा नकाशा केला. लिंबची बारा मोटेची विहीर सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिच्या आसपासच्या, कुणी बघायला न जाणाऱ्या विहिरी हव्या होत्या. तोवर मी जावास्क्रिप्टची, म्हणजे वेबपानांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेची, एक ओळही लिहिली नव्हती. ज्यांना असा नकाशा करायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

कोडचं आधी सांगून टाकते, कारण ते वाटतं त्याहून थोडं असतं. मी लीफलेट वापरलं. युक्रेनच्या व्लादिमीर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये आणलेली ही नकाशांची लायब्ररी, म्हणजे तयार जावास्क्रिप्ट कोडचा संच, फुकट आहे, आकाराने लहान आहे आणि साध्या फोनवरही चालते. वीसेक ओळींत नकाशा उभा राहतो. पहिल्या दिवशी मात्र पान पांढरंफटक दिसण्याची शक्यता फार. नकाशाच्या चौकटीला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) उंची दिलेली नसते, एवढंच कारण. ५०० पिक्सेल लिहा, नकाशा उमटतो. दुसरी ठेच लागते ती फाइल डबल-क्लिक करून उघडल्यावर: नकाशा येतो, विहिरींचे ठिपके येत नाहीत. वेगळ्या फाइलमधली माहिती ब्राउझर अशा वेळी वाचू देत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेबरोबर येणारा छोटा सर्व्हर (पान पुरवणारा प्रोग्राम) आपल्याच संगणकावर सुरू करा आणि पान त्यातून उघडा.

मागचा नकाशा २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांनी बनतो. सगळं जग दिसतं तेव्हा तुकडा एकच. झूम एक पायरी वाढला की एकाचे चार होतात. दहाव्या पायरीला हा आकडा दहा लाखांच्या वर जातो. म्हणून ब्राउझर फक्त समोर दिसणारे तुकडे मागवतो. हे तुकडे मी ओपनस्ट्रीटमॅपचे घेतले. जगभरच्या स्वयंसेवकांनी २००४ पासून हा नकाशा घडवलाय आणि त्याचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. कोपऱ्यातली श्रेयाची ओळ कधीही काढू नका, आणि तुकडे घाऊक उतरवून घेऊ नका.

खरा वेळ गेला तो ठिकाणं नीट बसवण्यात. माझ्या सगळ्या विहिरी पहिल्यांदा नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात पडल्या. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. ठिकाणांची माहिती साठवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. १७.६८ आणि ७४ ची अदलाबदल झाली की सातारा थेट आर्क्टिकमध्ये जातो. ही चूक लगेच दिसते, म्हणून तिची भीती नाही. भीती वाटावी ती अंश-मिनिटांची. जुन्या नोंदीत १७ अंश ४१ मिनिटं २४ सेकंद लिहिलेलं असतं आणि आपण घाईत १७.४१२४ टाकतो. खरी किंमत १७.६९. ठिपका तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो, पण पडतो महाराष्ट्रातच, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवा, आणि प्रत्येक ठिपका एकदा उपग्रहचित्रावर ठेवून बघा.

तेवढ्यानेही भागत नाही. एका गावात मी फोनवर नकाशा उघडून एका आजींच्या हातात दिला. त्यांनी स्क्रीन पदराआड धरली, ओढ्याच्या रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बाळ, ही हीर वड्याच्या अल्याड न्हाय, पल्याड हाय.” त्यांचं बरोबर होतं. मी वडाखाली उभी राहून, जीपीएस स्थिरावायच्या आत नोंद घेतली होती. पुन्हा जाऊन, उघड्यावर थांबून, फोनवरचं निळं वर्तुळ आकसेपर्यंत वाट बघितली, तेव्हा ठिपका जागेवर आला. दशांशाचे चार आकडे म्हणजे साधारण अकरा मीटरची अचूकता आणि पाच म्हणजे एक मीटर, हे मी वर्गात शिकले होते. पण फोनने दिलेले सातही आकडे चुकीच्या जागेचे असू शकतात, हे मला आजींनी दाखवलं.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. एका कार्यालयातून मिळालेली यादी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती; कॉपी केली की नुसती चिन्हं. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून, त्याच्या यूटीएफ-८ या रूपात जतन करून, प्रत्येक नाव गावकऱ्यांकडून वाचून घ्यावं लागलं. शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा एक फाइलप्रकार) वापरत असाल तर रकान्याचं नाव दहा इंग्रजी अक्षरांत बसवा, नाहीतर ते तुटतं. तालुक्याची सीमा फार जड असेल तर मॅपशेपर या वेबवरच्या साधनात हलकी करा.

प्रकाशनासाठी गिटहब पेजेस ही वेबपानं ठेवायची सेवा पुरेशी आहे. फक्त तिथे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात. विंडोजवर दिसणारा फोटो नावातल्या एका अक्षरापायी तिथे गायब होतो. फोटो आधी लहान करा. चार एमबीचा फोटो गावातल्या नेटवर्कवर उघडत नाही, आणि ज्यांची विहीर आहे त्यांनाच ती दिसली नाही तर नकाशा कुणासाठी?

लिंक मी गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवसापासून निरोप यायला लागले: आमची राहिली, हिचं नाव चुकलं, ही तर कधीच बुजवली. बुजलेल्या विहिरी काढून टाकाव्यात असं आधी वाटलं होतं. मग त्यांच्यासाठी करडा रंग ठेवला. आता नकाशावर असे सात ठिपके आहेत. त्यांतल्या दोन जागी पाण्याची टाकी उभी आहे.