ओपन सोर्समधली पहिली इंटर्नशिप: कोल्हापुरात बसून कशी मिळवायची

उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपच्या वस्तीत, नवं गिऱ्हाईक धरायचं तर आधी सॅम्पल द्यावं लागतं. ड्रॉइंग येतं, एक जॉब करून पाठवायचा, पार्टी गेज लावून बघते, माप बसलं तर ऑर्डर. ओपन सोर्समधली, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमधली इंटर्नशिपही अशीच मिळते. कॉलेजचं नाव नि टक्के तिथं फारसं कोणी विचारत नाही. अर्जाआधी तुम्ही त्या प्रोजेक्टला काही करून दिलंय का, हे बघतात. घरी दोन लेथ असूनही ही गोष्ट ध्यानात यायला माझं एक वर्ष गेलं.

आधी तारखा

गूगल समर ऑफ कोड (ओपन सोर्समधलं मानधनाचं काम देणारा गूगलचा उपक्रम) २००५ पासून चालू आहे. पूर्वी ते फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं. २०२२ पासून ओपन सोर्समध्ये नवख्या असलेल्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या इतरांनाही अर्ज करता येतो, म्हणजे शिरोली एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यालाही. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, म्हणून तयारी दिवाळी झाली की लगेच. प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात आणि मानधन देशागणिक वेगळं.

आउटरीची ही दुसरी इंटर्नशिप वर्षातून दोनदा असते: मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते मार्च. मानधन ७,००० डॉलर. आपल्या देशातल्या तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांची संख्या कमी आहे, ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, त्यांच्यासाठी ती आहे. निवडीआधी काही आठवडे दिलेले असतात. त्या काळात प्रोजेक्टला निदान एक योगदान दिलं नाही, तर नाव पुढं जातच नाही.

दोन्हीकडे अर्जाला फी नाही. ‘इंटर्नशिप हवी तर आधी एवढे भरा’ म्हणणारा कोणी भेटला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रोजेक्ट कोणता?

मोठ्या नावाला भुलू नका. क्रोमियमचा (क्रोम ब्राउझरच्या मुळाशी असलेल्या प्रोजेक्टचा) कोड उतरवून बिल्ड करायला, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, डिस्कवर निदान १०० जीबी जागा मोकळी लागते. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो नाद नको. तुम्ही स्वतः वापरता असं काहीतरी निवडा. त्याच्या रिपॉझिटरीत (कोड ठेवलेल्या जागेत) गेल्या महिन्यात बदल झालेत का, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का, हे अर्धा तास चाळून बघा. उत्तरं नसतील, तर प्रोजेक्ट कितीही चांगला असो, इंटर्नशिपसाठी उपयोगाचा नाही.

आपल्याला एक दार मात्र आपसूक उघडं आहे, ते मराठीचं. फायरफॉक्स ब्राउझरची भाषांतरं पोंटून या वेबसाइटवर होतात, विकिपीडियामागच्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरची ट्रान्सलेटविकीवर. नुसत्या भाषांतरावर कोडिंगची इंटर्नशिप मिळणार नाही, पण त्यातून खरे बग सापडतात. एखाद्या खिडकीत जोडाक्षर फुटतं का? ‘२५’ असं देवनागरीत लिहिलं तर शोधात सापडतं का? बर्लिनमधल्या मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) हे दिसतही नाही. तुम्हाला दिसतं.

स्वतःच्या मशीनवर उभं करणं

सगळ्यात जास्त पोरं इथंच गळतात. फोर्क केलं (कोडची प्रत आपल्या खात्यात घेतली), क्लोन केलं (ती आपल्या मशीनवर उतरवली), बिल्डची कमांड दिली आणि लाल अक्षरांचा पाऊस. घाबरू नका, पण खालची शेवटची ओळ तेवढी कॉपी करून गटावर टाकूही नका. वर जात जात पहिली चूक शोधा, खालच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात. बहुधा एखाद्या लायब्ररीची आवृत्ती जुनी असते. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) लिनक्स टाकून घ्या, निम्मी डोकेदुखी जाते.

या काळात एक साधी फाइल उघडी ठेवा. कोणती कमांड दिली, काय चूक आली, कशाने सुटली, सगळं लिहा. दोन कारणं आहेत. मदत मागताना हेच लागतं. आणि मार्गदर्शक पानावर लिहिलेली पायरी आता चालत नाही असं आढळलं, तर ती दुरुस्त करणं हेच तुमचं पहिलं योगदान. जुन्या लोकांना ही चूक दिसत नाही, कारण त्यांनी हे सेटअप शेवटचं कधी केलं ते त्यांनाच आठवत नसतं.

कोडला हात लावण्याआधी प्रोजेक्टच्या सगळ्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) एकदा चालवून घ्या. आधीच नापास असलेल्या टेस्ट कोणत्या हे माहीत नसेल, तर नंतर दुसऱ्याचं पाप आपल्या माथी घेऊन रात्र जागवाल.

छोटं काम धरा

प्रोजेक्टच्या कामांच्या यादीत ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे नवख्याला जमेल असं काम, हे लेबल बघा. लिबरऑफिसमध्ये अशा कामांना ‘ईझी हॅक’ म्हणतात. आधीच कोणी घेतलंय का ते तपासा. योगदानांचा आकडा वाढवायला रीडमीतला (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधला) स्वल्पविराम हलवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे योगदानांवर टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, टी-शर्टसाठी असल्या पुल रिक्वेस्टचा (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा) इतका कचरा आला, की शेवटी ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांनीच तसं सांगायचं, असा नियम करावा लागला.

प्रश्न कसा विचारायचा

‘रिस्पेक्टेड सर, प्लीज हे काम मला द्या’ असं लिहू नका. तिथं सर कोणी नाही, नावानं हाक मारली तरी चालते. मेंटेनरला खाजगीत गाठण्यापेक्षा सगळ्यांसमोरच्या चॅनेलवर विचारा. काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, स्वतः काय शोधून पाहिलं, या चार गोष्टी चार ओळींत. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. उन्हाळ्यात जर्मनीत सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो, म्हणजे युरोपातल्या माणसाला जेवणानंतर गाठावं. कॅलिफोर्नियावाल्याचं उत्तर रात्री दहानंतर येईल. दोन-तीन दिवस वाट बघा, मग एकदाच आठवण करा.

रिव्ह्यू म्हणजे इन्स्पेक्शन

माझी पहिली पुल रिक्वेस्ट दोन ओळींची होती. एडिटरनं सेव्ह करताना अख्खी फाइल आपल्या मनानं ‘नीट’ केली आणि चारशे ओळी बदललेल्या दिसल्या. उत्तर एका वाक्यात आलं: लागेल तेवढाच बदल पाठवा. दिवसभर तोंड पाडून बसलो होतो. वडील म्हणाले, “जॉब परत आला म्हणजे पार्टी तुटली व्हय? घासून दे की परत.” त्याच ब्रँचवर (त्या बदलासाठी काढलेल्या कोडच्या फांदीवर) दुरुस्ती करून पाठवली, चौथ्या खेपेला मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडात गेली. तेव्हापासून पाठवण्याआधी गिट डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) ओळ न् ओळ वाचतो.

एआयकडून कोड लिहून घेत असाल, तर आधी प्रोजेक्टचा नियम वाचा. जेंटू लिनक्स या प्रोजेक्टनं २०२४ मध्ये असा कोड घेणंच बंद केलं. जिथं चालतो तिथंही ‘ही ओळ इथं का?’ असं विचारलं जातं, आणि तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

प्रस्ताव आणि पावसाळा

दोन-तीन योगदानं झाली की अर्जातला प्रस्ताव फार अवघड नाही. आठवड्यागणिक काय करणार ते लिहा, मसुदा मुदतीच्या बराच आधी मेंटरना (प्रोजेक्टमधल्या मार्गदर्शकांना) दाखवा, आणि सेमिस्टरच्या परीक्षेचे दिवस लपवू नका.

समर ऑफ कोडच्या कामाचा काळ नेमका जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला पाऊस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराच्या कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. म्हणून अर्धवट असलं तरी रोजचं काम रोज पुश करा, म्हणजे ऑनलाइन रिपॉझिटरीत चढवा. लॅपटॉप पाण्यात गेला तरी ते वाचतं. पंचगंगा पात्राबाहेर आली की फोनमध्ये चार्जिंग आहे तोवरच मेंटरला दोन ओळी टाका: इथं पूर आहे, दोन-तीन दिवस गायब असेन.