घर बदलताना मुलांची शाळा कशी बदलावी: दाखल्यापासून व्हॅनपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाशिकहून पुण्याला आलो, तेव्हा लेक दुसरीत होती. ट्रक यायच्या दोन दिवस आधी मी तिच्या शाळेतून दाखला काढला, फाइलीत घातला आणि एक काम हातावेगळं झालं म्हणून निवांत झाले. पुण्यातल्या एका शाळेने फोनवर "या, बघू" म्हटलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की दुसरीच्या दोन्ही तुकड्या भरलेल्या आहेत. "बघू"चा अर्थ मी "देऊ" असा लावला होता. आता पोरीचं नाव नाशिकच्या पटावरून गेलेलं आणि पुण्याच्या कुठल्याच पटावर नाही. तीन आठवडे ती घरी बसून खोक्यांवर चित्रं काढत होती.

कागद तेच लागतात, पण क्रम चुकला की असं होतं. आता कुणी विचारलं तर मी हा क्रम सांगते.

घराचं टोकन देण्याआधी शाळा बघा

एजंटच्या तोंडी प्रत्येक शाळा "पाच मिनिटांवर" असते. शाळा भरायच्या किंवा सुटायच्या वेळेला स्वतः त्या रस्त्याने जाऊन बघा. त्याच वेळी फाटकाबाहेर व्हॅनवाले काका उभे असतात, त्यांच्याशी बोला. कुठल्या शाळेत मधूनच मुलं घेतात, कुठली मुलं यंदा सोडून गेली, कुठल्या वर्गात जागा झाली, हे ऑफिसातल्या क्लार्कच्या आधी त्यांना ठाऊक असतं. आम्हाला शेवटी जी शाळा मिळाली ती एका काकांनी सांगितलेली. "माझ्या गाडीतली दोन पोरं गेली की हो बदलीवर, दुसरीतलीच."

यादी करताना प्रत्येक शाळेपुढे चार गोष्टी लिहा: बोर्ड, माध्यम, शाळा कितवीपर्यंत आहे, आणि अनुदानित की विनाअनुदानित. माध्यमात "सेमी" आहे का तेही विचारा. सेमीतलं मूल गणित इंग्रजीतून शिकलेलं असतं. त्याला पूर्ण मराठी माध्यमात घातलं की बेरीज येते, पण "हातचा" म्हटलं की ते तोंडाकडे बघत राहतं. शाळेचा सरकारी नोंदीतला ११ अंकी यू-डायस क्रमांक मागून घ्या. "नो युवर स्कूल" या सरकारी पोर्टलवर त्यावरून पटसंख्या, शिक्षक आणि व्यवस्थापन दिसतं. क्रमांक सांगायला आढेवेढे घेणाऱ्या शाळेपासून लांब राहिलेलं बरं. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या काढतो, त्याही चाळा.

हक्क कुठे आणि विनंती कुठे

इथे बऱ्याच पालकांची गल्लत होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार मूल कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं. पण हा बदलीचा हक्क जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खाजगी विनाअनुदानित शाळा आणि केंद्रीय विद्यालयासारख्या शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे महापालिकेच्या शाळेत "दाखला आला नाही, म्हणून प्रवेश नाही" असं कुणी म्हणालं, तर ते कायद्याला धरून नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. वयाचा पुरावा नाही किंवा वर्ष सुरू होऊन गेलं, ही कारणंही चालत नाहीत. ती कलम १४ आणि १५ मध्ये आहेत. खाजगी विनाअनुदानित शाळेत मात्र मधल्या वर्गात जागा असेल तरच प्रवेश. तिथे कायदा हातात घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही, दहा ठिकाणी चौकशी करण्यात आहे.

तरी दोन गोष्टी खाजगी शाळेलाही करता येत नाहीत: देणगी मागणं, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं. कलम १३. देणगीसाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. "नुसत्या गप्पा मारतो मुलाशी" म्हणून आत नेतात आणि पाढे विचारतात, तो प्रकार यातच येतो.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. घाईत घर बदलावं लागलं तर मूल आधी जवळच्या महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बसवा आणि खाजगीचा शोध जूनपर्यंत निवांत करा. मराठी माध्यमाच्या कितीतरी शाळांत जागा असतेच, मुलंच कमी पडतात. मे महिन्यात तिथले शिक्षक मुलं शोधत दारोदार फिरतात. आम्ही तीन आठवडे घालवले ते निव्वळ माझ्या हट्टापायी.

होकार लेखी घ्या, मगच नाव काढा

फोनवर "जागा आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर मोघम येतं. असं विचारा: "दुसरीत, सेमीला, याच महिन्यात, एक जागा आहे का? कोणत्या तुकडीत?" तुकडीचं नाव सांगितलं तर समजा की समोरच्याने रजिस्टर उघडलंय. मग प्रवेश अर्ज भरून शिक्क्याची पोच किंवा निदान शाळेच्या अधिकृत मेलवरून एक ओळ मागा. ती हातात आली की जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज द्यायचा. तोवर जुन्या शाळेत फक्त कानावर घालून ठेवा.

दाखला: खिडकीशी उभं राहून वाचा

शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. लेखी अर्ज करा, त्याच्या झेरॉक्सवर तारखेचा शिक्का घ्या. लायब्ररीचं पुस्तक आणि राहिलेली फी याचा हिशेब आधीच मिटवा, म्हणजे "उद्या या" ऐकावं लागत नाही.

दाखला हातात पडला की तिथेच वाचा. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जनरल रजिस्टरचा नंबर, शाळा सोडल्याची तारीख. आमच्या दाखल्यावर अंकात १९ आणि अक्षरात "एकोणतीस" होतं. क्लार्क म्हणाले, "अहो ताई, अंकी बरोबर आहे ना, चालतं." मी हलले नाही. शिपाईमामांनी जाडजूड रजिस्टर काढून आणलं. त्यात "एकोणीस" स्वच्छ लिहिलेलं होतं, चूक फक्त उतरवताना झाली होती. वीस मिनिटांत नवा दाखला मिळाला. चूक रजिस्टरमध्येच असेल तर मूल त्या शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज करा. शाळा सोडल्यावर हे काम फार किचकट होतं.

आधारवरचं नावही जुळवून घ्या. पटाचं बरंचसं काम आता आधारशी जोडलेलं आहे. दाखल्यावर "श्रेया" आणि आधारवर "श्रीया" असेल तर नवी शाळा पहिल्याच आठवड्यात तुम्हाला आधार केंद्रावर पिटाळणार. दुसऱ्या राज्यात जात असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे नव्या शाळेला आधी विचारा. पाचशे किलोमीटरवरून त्या एका सहीसाठी परत यायला नको.

कागद झाला, आता कॉम्प्युटरवरची बदली

दाखला मिळाला तरी मूल ऑनलाइन जुन्याच शाळेत राहू शकतं. जुनी शाळा यू-डायस प्लस या केंद्राच्या पोर्टलवर त्याचं नाव "ड्रॉपबॉक्स"मध्ये टाकते, मग नवी शाळा पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख घालून ते आपल्याकडे ओढून घेते. सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर नवी शाळा विनंती पाठवते आणि जुनी ती मान्य करते. पालकाला यातलं काही करता येत नाही, पण दोन्हीकडे विचारत मात्र राहावं लागतं. म्हणून दाखल्याबरोबर पेन क्रमांक आणि सरलचा विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या, आणि जुन्या शाळेत हे काम बघणाऱ्या सरांचा किंवा बाईंचा नंबर घेऊन ठेवा.

कधी हलावं

हातात असेल तर एप्रिल-मे. निकाल लागतात, बदल्या होतात, जागा मोकळ्या होतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिललाच. सप्टेंबर अवघड. अनुदानित आणि सरकारी शाळांची शिक्षकपदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, त्यामुळे त्या सुमारास जुनी शाळा मूल सोडायला नाखूश आणि नवी घ्यायला एका पायावर तयार, अशी गंमत होते. मूल चौथीत असेल आणि वर्षभर थांबणं शक्य असेल तर थांबा. कितीतरी माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, तिथे पाचवीला नवे प्रवेश असतातच.

पहिलीच्या प्रवेशाला वयाचं गणित आधी करा. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल एका ठिकाणी पहिलीत बसतं, दुसरीकडे नाही.

आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या, दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के मोफत प्रवेशाबद्दल: तो शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, तिसरी-चौथीत नव्याने नाही. निवड सोडतीने होते, पण घरापासूनचं अंतर बघून, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी नव्या पत्त्याचा नोंदणी केलेला भाडेकरार हवा. नुसत्या स्टॅम्प पेपरवरचा करार तिथे चालत नाही.

कुणी अडवलं तर

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. नंतर जिल्हा परिषदेच्या हद्दीत केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. अर्जात कलम ५ चा उल्लेख करा आणि पोच घ्या. भांडणापेक्षा पोचेचा शिक्का लवकर काम करतो.

प्रवेश झाला

मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, परत मिळत नाही. त्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो ठेवा. वह्या घ्यायच्या आधी वर्गातल्या एखाद्या मुलाची वही बघून धडे कुठवर आलेत ते पाहा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, तेवढ्यावर पहिला आठवडा निघतो. परराज्यातून आला असाल तर मराठीची तयारी लगेच सुरू करा, २०२० च्या कायद्याने ती सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची आहे.

गणवेशाला आठवडाभर सवलत मागितली तर बहुतेक शाळा देतात. व्हॅनचं मात्र त्याच दिवशी ठरवा. आम्ही सोमवारी ठरवू म्हटलं, आणि ज्यांनी शाळा सुचवली त्याच काकांच्या गाडीतली जागा शनिवारी गेली. पुढचे दोन महिने मी स्कूटरवर.