कंपनीत ड्रग टेस्टला बोलावलं तर सँपल द्या, पण सगळी कुंडली देऊ नका

मी नऊ वर्षं मिरजेतल्या एका लॅबसाठी कंपन्यांमध्ये जाऊन सँपल गोळा करायचो, कुपवाड एमआयडीसी, मिरज एमआयडीसी, कधी विटा तर कधी पार शिरवळपर्यंत. आधी हे काम ड्रायव्हर नाहीतर क्रेनवाल्यांपुरतंच असायचं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन ह्या ड्रगचा साठा पकडला आणि जानेवारी २०२५ ला विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत एमडीचा कारखानाच सापडला, तेव्हापासून मॅनेजमेंटची माणसं आमच्याकडं जास्तच विचारायला लागली, की सगळ्या शिफ्टची टेस्ट करायला किती घ्याल.

एका कंपनीत कॅन्टीनमध्येच टेबल मांडलं होतं, एका बाजूला पोह्यांच्या प्लेटा आणि एका बाजूला आमचे कप. सुपरवायझर रांगेतल्या प्रत्येकाला मोठ्यानं विचारत होता, "गोळ्याबिळ्या कुठल्या चालू हायत का रं?" फोर्कलिफ्ट चालवणारा एक पोरगा जरा वेळ गप्प राहिला आणि मग खाली बघत म्हणाला, "टीबीच्या चालू आहेत, तिसरा महिना." जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे टेस्टमध्ये तो पास झाला, तरी त्याचं जे जायचं ते गेलंच होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि बोललो नाही. म्हणून हे लिहितोय.

टेस्टच नको असं माझं म्हणणं नाही. हायड्रा क्रेन चालवणारा माणूस नशेत असला तर खाली उभा असलेला मरतो, हे मला कुणी सांगायला नको. पण टेस्ट नशेची आहे, मग माहितीही तेवढीच घ्यायची, आणि ते सांभाळणं बरंचसं तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी कागद बघायचा. खाजगी कंपनीत कामगारांची ड्रग टेस्ट कशी करायची ह्याचा वेगळा कायदा आपल्याकडं नाही. विमानाच्या पायलट, केबिन क्रू वगैरेंसाठी डीजीसीए ह्या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचे नियम आहेत, २०२२ पासून लागू, त्यात कुठल्या वस्तू तपासायच्या इथपासून सगळं लिहिलंय. कुपवाडच्या फाउंड्रीत तसलं काही नाही, तिथं जे काय ते कंपनीची पॉलिसी, स्थायी आदेश (म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम) आणि तुमचं अपॉइंटमेंट लेटर. स्थायी आदेश सगळ्यांकडं नसतात, नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणं ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथं ते लागतात, त्यामुळं छोट्या युनिटमध्ये अपॉइंटमेंट लेटरलाच महत्त्व. ते बाहेर काढा आणि मेडिकल टेस्टबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पॉलिसीत टेस्ट लिहिलेली असेल, तुम्ही सही केलेली असेल आणि ऐनवेळी "मी देत नाही जा" म्हणालात तर कंपनी ते गैरवर्तन धरू शकते. दुसरीकडं, कुणी हात धरून जबरदस्तीनं सँपल घेऊ शकत नाही, तो अधिकार सुपरवायझरला नाही न् सिक्युरिटीलाही नाही. पोलीस केसमधली अटक ही निराळी गोष्ट, तिथं वकील लागतो.

संमतीचा फॉर्म पुढं आला की गडबडीत सही ठोकू नका. टेस्ट कशाकशाची, रिपोर्ट कुणाकडं जाणार, सँपल नंतर किती दिवस ठेवणार, ह्या तीन गोष्टी त्यात आहेत का ते बघा, नसतील तर पेनानं तिथंच लिहा, "फक्त अमली पदार्थांच्या तपासणीसाठी संमती, इतर कुठल्याही तपासणीसाठी नाही", मग सही, आणि फॉर्मचा फोटो. हे का म्हणतो तर त्याच कपातल्या युरिनमधून शुगर कळते, प्रेग्नन्सी कळते. एका ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "दादा, ह्यात दिवस गेलेत ते पण दिसतं का ओ?" ड्रगच्या किटवर ते दिसत नाही, पण कुणी दुसरी पट्टी बुडवली तर दिसतं. कोरा किंवा "सर्व आवश्यक तपासण्या" असा मोघम फॉर्म म्हणूनच धोक्याचा.

कायदा विचारला तर सांगायला असू द्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, त्यामुळं नुसता तो निकाल एचआरच्या तोंडावर मारून काम होत नाही. जास्त कामाचे आहेत ते २०११ चे आयटी नियम, त्यात तब्येतीची माहिती आणि मेडिकल रेकॉर्ड ही संवेदनशील माहिती धरलीय आणि ती घ्यायला लेखी संमती लागते. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदाही आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत.

आता गोळ्यांचं, इथं माझं खरं दुखणं आहे. साधं किट म्हणजे पट्टी, तिच्यावर प्रत्येक नशेसाठी वेगळी रेघ असते, आणि ती औषध आणि नशा ह्यात गल्लत करते. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन अँफेटामिन ह्या उत्तेजक ड्रगच्या रेघेवर येऊ शकतं, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक अफूच्या रेघेवर, टीबीचं रिफाम्पिसिनसुद्धा काही किटवर अफूच्याच रेघेवर. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर खरंच अफूच्या जातीचं, ते येणारच. झोपेच्या नाहीतर घबराटीच्या गोळ्या, अल्प्राझोलाम वगैरे, त्यांची वेगळी रेघ असते. एचआयव्हीच्या उपचारातलं इफाविरेंझ काही किटवर गांजा दाखवतं. म्हणजे चुकीचा पॉझिटिव्ह टाळायला गोळ्या सांगाव्या लागतात, आणि गोळ्या सांगितल्या की आजार कळतो.

ह्यावर उपाय असा. डॉक्टरची चिठ्ठी झेरॉक्स करून पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, जोडावर सही करा, वर लिहा "फक्त तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी", आणि ते लॅबच्या माणसाकडं नाहीतर कंपनीच्या डॉक्टरकडं द्या, सुपरवायझरकडं किंवा एचआरच्या पोराकडं नाही. रांगेत कुणी विचारलंच तर एकच वाक्य, "माहिती डॉक्टरांना दिली आहे." एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं, लोक चार वेळा विचारतील. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे, नोकरीसाठी ती टेस्ट कर म्हणता येत नाही आणि ते उघड कर अशी सक्तीही करता येत नाही.

खसखशीची गोष्ट लोकांना खोटी वाटते पण खरी आहे. दिवाळीत अनारसे भरपूर खाल्ले, किंवा मटणाच्या वाटणात खसखस जास्त पडली, तर दुसऱ्या दिवशी युरिनमध्ये मॉर्फिन, म्हणजे अफूतलाच पदार्थ, दिसू शकतं, आणि ते खात्रीच्या मोठ्या टेस्टमध्येही दिसणार कारण ते खरोखरच खसखशीतून आलेलं असतं. अमेरिकेत ह्याच भानगडीमुळं १९९८ ला पॉझिटिव्ह धरायची मर्यादा एका मिलीलीटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅम केली, पण ३०० वाली किट अजून बाजारात मिळतात. सणाच्या आसपास टेस्ट असेल तर फॉर्मवर आधीच लिहून ठेवा. होळीच्या भांगेचं मात्र असं नाही, भांग घेतली तर गांजाच्या रेघेवर पॉझिटिव्ह येणारच. कायद्यानं भांग गांजा-चरसच्या व्याख्येत बसत नसली तरी पट्टीला ते कळत नाही. तंबाखू, मिश्री ह्या पट्टीवर येत नाही, त्याची टेस्टच वेगळी.

सँपल देताना दोन पाच गोष्टी. बाथरूमचं दार बंद करायला मिळालं पाहिजे. बायकांचं सँपल घेताना बाईच हजर असावी, नसेल तर "मॅडम येऊ दे, मग देते" म्हणायचं, त्याला नकार म्हणणं बरोबर नाही. आम्ही कपाचं तापमान लगेच बघतो, चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ डिग्रीमध्ये पाहिजे, म्हणून दुसऱ्याचं सँपल आणायच्या फंदात पडू नका, आणि मुद्दाम तीन लिटर पाणी पिऊन येऊ नका, क्रिएटिनिन (युरिन किती पातळ ते दाखवणारा घटक) खाली गेलं की रिपोर्टवर पातळ असा शेरा येतो आणि तुम्हीच संशयात अडकता. सँपल दोन बाटल्यांत करायला सांगा, ए आणि बी. दोन्हीवर तुमच्यासमोर सील लागलं पाहिजे, सीलवर तुमची सही, बाटलीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर एकच आहे का ते स्वतः वाचून बघायचं. बाटलीवर नावापेक्षा नंबर बरा. सील लागायच्या आधी टेबल सोडून चहाला जाऊ नका, मी कितीतरी माणसं जाताना बघितलीत.

गेटवर तोंडात फुंकायचं मशीन असेल तर वेगळं बघायचं. माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध नुकतंच घेतलं असेल तर तोंडातल्या अल्कोहोलनं मशीन वाजतं, चूळ भरून १५ मिनिटं थांबून परत फुंकायला मागा, आणि दोन्ही आकडे वेळेसकट लिहून घ्या.

किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणजे तुम्ही नशेडी ठरलात असं नसतं. पट्टी हा पहिला अंदाज, खात्री जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनवर होते, आणि लॅब एनएबीएलवाली, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली, आहे का हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणखी एक, युरिन टेस्ट तुम्ही आत्ता नशेत आहात का ते सांगतच नाही. गांजा एकदा ओढला तर साधारण तीन दिवस, रोज ओढणाऱ्याच्या अंगात तीन-चार आठवडे आणि कधी जास्तही दिसतो. म्हणजे मागच्या रविवारचं घरातलं वागणं सोमवारच्या मशीनवर मोजलं जातं, आणि ज्या एमडीच्या भीतीनं हे सगळं सुरू झालं ते साध्या पाच रेघांच्या किटवर भरवशानं सापडतही नाही. हे मी मॅनेजरना पण सांगायचो, पटायचं नाही, किट स्वस्त पडतं.

तोंडी सांगितलं की पॉझिटिव्ह आहे, तर भांडू नका, रडू नका, राजीनामा तर अजिबात लिहू नका. "गुपचूप राजीनामा दे, नाव खराब होणार नाही" असं गोड बोलून घेतात आणि मग हातात काहीच राहत नाही. त्याच दिवशी साध्या कागदावर हे लिहा:

"माझ्या आजच्या युरिन चाचणीचा प्राथमिक निकाल पॉझिटिव्ह असल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. तो मला मान्य नाही. बी बाटलीची जीसी-एमएस अथवा एलसी-एमएस पद्धतीने खात्रीची चाचणी करावी, लेखी रिपोर्टची प्रत मला द्यावी व अंतिम निकाल येईपर्यंत ही माहिती संबंधित अधिकाऱ्यांशिवाय कोणालाही देऊ नये, ही विनंती."

खाली तारीख, वेळ, सही. व्हॉट्सॲपच्या शिफ्ट ग्रुपवर कुणी तुमचं नाव टाकलं तर स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवर उत्तर देऊ नका, तो स्क्रीनशॉट पुढं फार कामाला येतो. स्थायी आदेश लागू असतील तर कायम कामगाराला चार्जशीट, बाजू मांडायची संधी आणि चौकशी ह्याशिवाय सरळ घरी पाठवता येत नाही, आणि चौकशीसाठी निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो.

ठेकेदाराकडं असणाऱ्या पोरांचं जास्त अवघड. त्यांना कुणी चार्जशीट देत नाही, गेटपास बंद होतो आणि ठेकेदार म्हणतो "उद्यापासून येऊ नको". रिपोर्ट कंपनीकडून ठेकेदाराकडं, ठेकेदाराकडून त्याच्या मुकादमाकडं, आणि मुकादम गावातलाच, म्हणजे संध्याकाळपर्यंत घरी. तुम्ही ठेकेदाराकडं असाल तर संमतीच्या फॉर्मवर "रिपोर्ट ठेकेदारास देऊ नये, फक्त योग्य किंवा अयोग्य एवढेच कळवावे" हे लिहाच. कंपनीला कामासाठी तेवढंच पुरतं, आकडे आणि औषधांची नावं डॉक्टरच्या कपाटात राहिली तरी कुणाचं अडत नाही.

तक्रार करायची तर जिल्ह्यातलं कामगार खात्याचं ऑफिस, आणि वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, सांगलीलाही आहे, साताऱ्यालाही. १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आणि खरंच सवय असेल तर? तर आधी डॉक्टर गाठा, कंपनी नंतर. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात ६४अ कलम आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमधून सूट मिळायची सोय त्यात आहे, पण उपचार मधेच सोडले तर ती सूट जाऊ शकते, म्हणून सुरू केलं की सोडायचं नाही.

वरचा अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. पोच देत नसतील तर तिथं वाद घालत बसू नका, त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, आणि दोन दिवसांनी ट्रॅकिंगला "डिलिव्हर्ड" दिसलं की त्याचा प्रिंट काढून त्याच पावतीला टाचणी मारून ठेवा.