एंजलची अंडी शूट करताय? या चुका टाळा

टँकमधल्या एंजल माशांची जोडी अंडी घालायला पान घासून साफ करू लागली की लोक कॅमेरा शोधायला पळतात. तोवर उशीर झालेला असतो. पोटाखाली प्रजननाची नळी दिसायला लागली (नराची बारीक, टोकदार, मादीची जाड, बोथट) की मी त्याच दिवशी ट्रायपॉड लावून मोकळा होतो. माशांना त्या काळ्या डोळ्याची सवय व्हायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वाट लावतो तो दिवा. ओळखीच्या एका मुलाने पहिल्यांदाच जोडी जमवली होती. अंडी पडली संध्याकाळी, याला कळलं रात्री, टँकचा दिवा बंद झाल्यावर. गड्याने मोबाइलचा टॉर्च थेट काचेला लावला. मासे दचकून काचेवर आपटले आणि सकाळी पान चकाचक. रात्रीत आई-बापांनीच सगळी अंडी खाल्ली होती. आणि हा मला विचारतो, "काका, व्हिडिओ धूसर का आला?"

दिवा दुपारपासूनच चालू ठेवा, मध्येच लावू-विझवू नका. बंद करायचा तर आधी खोलीतला लावा, मग टँकमधला घालवा. रात्री कोपऱ्यात झिरोचा बल्ब असू द्या, पालकांना अंडी दिसायला हवीत.

पडद्यावर पट्टे सरकतात म्हणून फोन बदलायला निघू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ऑटोवर विसंबणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

फोकस पानावर लॉक करा, नाहीतर कॅमेरा बुडबुड्यांमागे धावतो. लेन्स काचेला समांतर, भोवती काळं कापड. आतलं शेवाळं आधीच काढा. अंडी पडल्यावर टँकमध्ये हात घालायचा नाही.

सगळीच अंडी पांढरी पडली तर आधी जोडी तपासा. दोन माद्याही जोडी जमवतात, मग अंडी फळत नाहीत.

अंडी घालून झाली की कॅमेरा आवरणाऱ्या उतावळ्यांचं काय करावं? २७-२८ अंशांना साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. मग पालक वळवळणारी पिल्लं तोंडात धरून एका पानावरून दुसऱ्यावर नेतात. पोहायला लागायला त्यांना आणखी चार-पाच दिवस लागतात. या दिवसांत फ्रेम मोठी ठेवा, पिल्लं कोणत्या पानावर जातील याचा नेम नसतो.