पेट्रोल गाडीचे आयडलिंग अस्थिर झाल्यास दोष कसा शोधावा

गाडी सिग्नलला उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, आरपीएमचा काटा वर-खाली होऊ लागला, स्टिअरिंग थरथरू लागले आणि एसी लावताच इंजिन बंद पडेल असे वाटू लागले, की पहिला सल्ला बहुधा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करण्याचा किंवा प्लग बदलण्याचा मिळतो. कधी तेवढ्याने काम होतेही; परंतु कारण न शोधता एकेक भाग बदलत गेल्यास खर्च वाढत जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. पुढील क्रम फ्युएल इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे.

तपासणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी आणि दिवे बंद ठेवून करावी. थंड इंजिन सुरुवातीला जास्त आरपीएमवर चालते, तो दोष नव्हे. गरम झाल्यावर मात्र बहुतेक गाड्यांचा काटा ७०० ते ९०० च्या दरम्यान एका जागी ठरला पाहिजे. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकाला ठोकळा लावून उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, हेही बॉनेट उघडल्यावर ध्यानात असावे.

आधी अस्थिरपणाची जात ओळखावी. काटा स्थिर आहे पण केबिन हादरते, असे असल्यास इंजिन माउंटिंगचे रबर तपासावे. ठरावीक अंतराने झटका बसत असेल, म्हणजे गाडी ‘मिसिंग’ मारत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. आरपीएम संथ लयीत चढत-उतरत असेल तर संशय हवेच्या मार्गावर घ्यावा.

यानंतर मोबाईलला जोडता येणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे यंत्र, लावावा. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसफायर दाखवतात, पी ०३०० अनेक सिलिंडरचे, आणि पी ०१७१ मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सांगतो. कोड नसला तरी चालू आकडे पाहावेत. गरम इंजिनातही कूलंटचे तापमान ४०-५० अंशच दिसत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा तापमानाचा सेन्सर संशयास्पद आहे. इंजिन थंड समजून ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देत राहतो.

सर्वांत उपयोगी आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देत आहे याचा. आयडलिंगला तो १० टक्क्यांहून अधिक वाढलेला असेल आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कोठून तरी हवा आत शिरत आहे. आयडलिंगला एकूण हवाच कमी असल्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उलट आरपीएमबरोबर ट्रिमही वाढत असेल तर फ्युएल फिल्टर आणि पंप पाहावेत. मात्र हवेच्या वजनाऐवजी केवळ इनटेक मॅनिफोल्डचा (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणाऱ्या गाड्यांत गळतीमुळे दाब वाढतो व पेट्रोलही त्या प्रमाणात वाढते, म्हणून तेथे ट्रिमपेक्षा चढलेले आरपीएम हीच खूण अधिक बोलकी असते.

गळती शोधताना इनटेक मॅनिफोल्डच्या रबरी नळ्या हाताने वाकवून भेगा पाहाव्यात आणि ‘स्स्स’ असा आवाज येतो का ते ऐकावे. ब्रेक दाबताच आयडलिंग बदलत असेल तर ब्रेक बूस्टर आणि त्याची नळी तपासावी. पेट्रोल टाकीची वाफ आणणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची नळी चिमटून धरल्यावर इंजिन शांत झाले, तर तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. संशयित जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारून आरपीएम बदलतात का तेही पाहता येते. वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नये आणि गरम इंजिनावर पेट घेणारा क्लीनर फवारू नये.

मिसफायर एकाच सिलिंडरचे असेल तर प्लगला उच्च व्होल्टेज देणारी नवीन कॉइल विकत घेण्याआधी, इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या कॉइलशी बदलून पाहावी. कोडही शेजारच्या सिलिंडरवर गेला तर दोष कॉइलचा. तेथेच राहिला तर हाच प्रयोग प्लगचा करावा, आणि त्यानेही फरक न पडल्यास इंजेक्टरकडे वळावे. प्लग इंजिन थंड असतानाच काढावेत, प्लगच्या टोकांमधला गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि नवीन प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा, अन्यथा ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे बिघडतात.

थ्रॉटल बॉडीची पाळी यानंतर. चावी काढून, थ्रॉटल बॉडी क्लीनरने भिजवलेल्या कापडाने आतल्या उघड-मिट होणाऱ्या पाकळीच्या कडेचा काजळीचा थर पुसावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून उघडू नये. साफसफाईनंतर आयडलिंग काही काळ जास्त राहू शकते, कारण ईसीयूला जुन्या काजळीची सवय झालेली असते; काही गाड्यांना स्कॅनरने ‘रीलर्न’ करावे, म्हणजे ही सवय नव्याने लावावी लागते.

सीएनजी गाडी असल्यास तीच तपासणी पेट्रोलवर करून पाहावी. अस्थिरपणा केवळ गॅसवर दिसत असेल तर गॅस फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर तपासावेत, पण प्लगही सोडू नयेत. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग तेथे आधी उघडा पडतो. सीएनजीच्या उच्च दाबाच्या भागांना मात्र अधिकृत तंत्रज्ञाशिवाय कोणी हात लावू नये.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवत राहू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी होतो. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर निर्दोष असूनही एक सिलिंडर कमकुवत राहिला, तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजून घ्यावे.